हौशी जखमी

सिंगापुरात माझ्या साडूंइतक्या वेळा, इतक्या तऱ्हांनी आणि इतक्या आनंदानं मेलेला दुसरा माणूस सापडणार नाही. ते पुरात बुडून मेले आहेत, झाडाखाली चेंगरून मेले आहेत, विजेची तार अंगावर पडून मेले आहेत, आणि एका वर्षी तर बंद पडलेल्या लिफ्टमध्ये गुदमरून जे मेले ते त्यांच्या बायकोनं "अहो, उठा, फोडणीचा भात गार होतोय" असं सांगेपर्यंत मेलेलेच होते. ज्या वर्षी मरण आलं नाही त्या वर्षी त्यांनी निदान दोन्ही पाय तरी मोडून घेतले. हे सगळं त्यांनी विनामोबदला केलं. लोककल्याणासाठी केलं, असं ते म्हणतात. निव्वळ हौसेपोटी केलं, असं आम्ही घरचे म्हणतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो आणि मेहुणीला ताई. आम्ही राहतो बिशानला, ते सेरंगूनला, मध्ये एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, एकच स्टेशन. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक मरणाला आम्हाला हजर राहावं लागे आणि न राहण्याला सबब मिळत नसे. पोटापाण्यासाठी भाऊ बंदरावरच्या कंटेनरांचं वेळापत्रक बसवणारं एक सॉफ्टवेअर सांभाळत. कुठला डबा कुठल्या जहाजावर कधी चढेल याची त्यांना फार चिंता आहे असं मला कधी दिसलं नाही. चिंता होती ती एकच. नोव्हेंबरात आपल्याला काय होणार?

सिंगापुरात कसला आलाय हिवाळा, असं तुम्ही म्हणाल. आहे. पारा बावीसवर उतरला की आमच्या ऑफिसातली माणसं स्वेटर घालून येतात आणि एकमेकांची चौकशी अशी करतात की जणू सगळे नुकतेच बद्रीनाथहून उतरलेत. पण खरा हिवाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला ईशान्येचा पाऊस. तिकडून वारा सुटला की आकाश दोन-दोन, तीन-तीन दिवस उघडत नाही, सखल रस्त्यांवर बघता बघता गुडघाभर पाणी चढतं, भली मोठी झाडं कूस बदलावी तशी आडवी होतात. हेच आमचं हिमवादळ. आणि हा देश पावसाची वाट छत्री घेऊन बघत नाही; कवायत करून बघतो. नोव्हेंबर उजाडला की नाले साफ होतात, क्रेनच्या पाळण्यात उभी राहून माणसं रस्त्याकडेच्या फांद्या छाटतात, तळघरातल्या कारपार्कच्या तोंडाशी पाणी अडवायच्या फळ्या बसवून बघतात, नाला भरत आला तर लोकांच्या मोबाईलवर निरोप पोचतो की नाही ते तपासतात. आणि एका रविवारी सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात, सेरंगूनच्या एका ब्लॉकखाली वादळ येतं.

हे खोटं वादळ म्हणजे मोठा सोहळा असतो. ब्लॉकच्या तळमजल्यावर जी मोकळी जागा असते, जिला इथे व्हॉइड डेक म्हणतात, तिथे खुर्च्या उलट्यापालट्या टाकतात. एक छाटलेली फांदी आणून आडवी ठेवतात. बंब येतो, रुग्णवाहिका येते. ब्लॉकमधलेच पंचवीस-तीस स्वयंसेवक पिवळी जाकिटं घालून रांगेत उभे राहतात. अग्निशमन दलाचे खरे जवान आणि पॅरामेडिक त्यांना जखमी कसे शोधायचे, कसे उचलायचे, आधी कुणाला न्यायचं हे शिकवतात. आता वादळ खोटं असलं तरी त्याला जखमी लागतातच. लिफ्टशेजारच्या फलकावर एके वर्षी "जखमी होण्यासाठी स्वयंसेवक हवेत" अशी चिठ्ठी लागली आणि भाऊंच्या आयुष्याला दिशा मिळाली.

याचं मूळ त्यांच्या सांगलीत आहे. सांगलीचा माणूस नाटकात काम करतोच. कसं करतो हे विचारायचं नसतं. भाऊंनी कॉलेजात तीन नाटकांत कामं केली. तिन्हींत मिळून त्यांना बोलायला चार वाक्यं होती आणि त्यांतलं एक दुसऱ्याचं होतं. पुढे इथल्या मराठी मंडळाच्या एका एकांकिकेत त्यांना डॉक्टरची भूमिका मिळाली. शेवटच्या प्रवेशात येऊन नाडी बघायची, "आता सगळं देवाच्या हातात" म्हणायचं आणि निघून जायचं, एवढंच काम. भाऊ नाडी बघत बसले. बघतच बसले. मग त्यांनी जीभ बघितली, पापण्या उलटून बघितल्या, गुडघ्यावर टिचकी मारली. प्रेक्षक हसायला लागले तसा त्यांना हुरूप आला आणि त्यांनी पेशंटला त्याच्या मुलाबाळांची नावं विचारली. पेशंटला नाटकात मुलंच नव्हती. पडद्यामागून कुणीतरी दिवे घालवले. त्यानंतर मंडळानं त्यांना सतरंज्या घालायचं खातं दिलं.

अशा माणसाला एकदम अख्खं अंगण मोकळं मिळालं. संहिता नाही, दिग्दर्शक नाही, वर खरी रुग्णवाहिका! भाऊ तयारीला ऑगस्टपासून लागत. पाय मोडल्यावर माणूस नेमका कसा ओरडतो, छातीत कळ आल्यावर हात कुठे जातो, बुडालेला माणूस शुद्धीवर येताना आधी खोकतो की आधी विचारतो, या सगळ्याचा अभ्यास चाले. ऑफिसातून आल्यावर अर्धा तास कण्हण्याचा रियाज. एकदा त्यांचं कण्हणं ऐकून समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या चिनी आंटी डबाभर सूप घेऊन आल्या. भाऊ शाकाहारी. पण आपण नाटक करतोय हे त्या माउलीला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून सूपात काय आहे हे न विचारता त्यांनी ते तिच्यासमोर संपवलं. "त्या दिवशी मी जो चेहरा केला ना," ते नंतर मला सांगत होते, "तो मला पुन्हा कधी जमला नाही." कपड्यांचीही वेगळी व्यवस्था होती. ताई म्हणत, "ह्यांचे चांगले शर्ट लग्नाला, बरे शर्ट ऑफिसला आणि फाटके शर्ट वादळाला." वादळाच्या शर्टांचा कप्पा निराळा असे आणि त्यावर बिटाच्या रसाचे डाग पाडायचं काम माझ्या मुलीकडे असे. ती तेव्हा आठ वर्षांची, इथल्या शाळेत जाऊन वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायला शिकलेली. काकांच्या छातीवर रस शिंपडून झाल्यावर ती थोडं मागं सरून बघे आणि म्हणे, "काका, नॉट एनफ लाह. यू स्टिल लुक व्हेरी हॅपी."

तिचं खरं होतं. भाऊंचा खरा घोटाळा तोच होता. गंभीर जखमी माणसाच्या तोंडावर इतकं समाधान फरीदा मॅडमना कुठे बघायला मिळालं नसेल. फरीदा मॅडम म्हणजे ही कवायत घेणाऱ्या प्रशिक्षक. पन्नाशीच्या, डोक्याला स्कार्फ, गळ्यात शिट्टी, आवाज असा की ब्लॉकच्या बाराव्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे सरळ व्हावेत. त्या सगळ्या जखमींना आधी भूमिका वाटून देत आणि मग स्वयंसेवक येऊन जखमींना तपासून त्यांच्या गळ्यात रंगीत चिठ्ठ्या अडकवत. लाल म्हणजे ताबडतोब न्या. पिवळी म्हणजे थोडं थांबलं तरी चालेल. हिरवी म्हणजे किरकोळ, चालता येतंय. काळी म्हणजे गेला. भाऊंना लाल लागे. पहिल्याच वर्षी एका कोवळ्या स्वयंसेविकेनं त्यांना हिरवी दिली तेव्हा भाऊ मोडक्या पायावर उभे राहिले आणि तिला त्यांनी पाय मोडल्याची सगळी लक्षणं पुन्हा सांगितली. ती म्हणाली, "बट अंकल, यू आर स्टँडिंग." भाऊ म्हणाले, "दॅट इज बिकॉज ऑफ शॉक." फरीदा मॅडमनी शिट्टी वाजवून त्यांना झोपवलं.

काळ्या चिठ्ठीची मात्र त्यांनी स्वतः मागणी केली होती. कलावंताला एकदा तरी मरता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मिळाली. पहिली दहा मिनिटं अप्रतिम मेले. मग त्यांच्या ध्यानात आलं की गेलेल्या माणसाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जिवंत माणसं आधी, हा नियमच. सगळे लाल गेले, पिवळे गेले, हिरवे चालत जाऊन तळलेल्या शेवयांची पाकिटं खात बसले आणि भाऊ फरशीवर मेलेले. वर एक डास फिरत होता. डास चावल्यावर मेलेल्या माणसानं काय करावं याचा त्यांनी अभ्यास केला नव्हता. दीड तासानं त्यांना उचललं तेव्हा शेवया संपल्या होत्या. "मरण फार एकाकी असतं रे," असं ते त्या दिवशी मला गहिवरून म्हणाले, आणि पुढच्या वर्षापासून पुन्हा लालवर आले. त्यानंतर अधूनमधून मेले ते आपल्या मर्जीनं. फरीदा मॅडमनी पायाची भूमिका दिलेली असली तरी.

एका वर्षी त्यांनी ठरवलं की आपल्याला फक्त मराठी येतं. फरीदा मॅडमना ही कल्पना आवडली, कारण खऱ्या वादळात गावाकडून आलेली एखादी आजी सापडली तर काय करायचं, हे मुलांना कळायलाच हवं. पण भाऊंनी "इथं दुखतंय" एवढ्यावर थांबावं की नाही? त्यांनी सांगलीतल्या आपल्या जमिनीचा वाद, धाकट्या भावाचा स्वभाव आणि मृत्यूपूर्वीच्या तीन इच्छा असं सगळं स्वच्छ मराठीत सांगितलं. दलातल्या दोघी-तिघी पोरी मान हलवत ऐकत होत्या. त्यातली एक, मेई नावाची, बंबावर काम करणारी, इतकी हुशार निघाली की दुपारपर्यंत "कुठे दुखतंय?" आणि "घाबरू नका" हे दोन्ही शिकली. नंतर दर वर्षी ती भाऊंना बघितलं की लांबूनच "घाबरू नका" म्हणून ओरडे. मराठी भाषेच्या प्रसाराला आपण हातभार लावला, असं भाऊ मंडळाच्या लोकांना ऐकवत. मंडळानं सतरंज्यांचं खातं तसंच ठेवलं.

घरातल्या खऱ्या दुखण्यांचं त्यांना कौतुक नव्हतं. मला एकदा डेंगी झाला, पाच दिवस ताप उतरेना. भाऊ भेटायला आले, खुर्ची ओढून बसले आणि डोळे मिटून माझं कण्हणं ऐकलं. मग बायकोला म्हणाले, "वरवरचं आहे. पोटातून येत नाही."

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात पाऊस शुक्रवारी लागला तो रविवारीही थांबला नव्हता. आम्ही सेरंगूनला जेवायला गेलो होतो. तीनच्या सुमाराला जरा झिमझिम झाली तसं ताईंनी मला आणि भाऊंना नारळ आणि कढीपत्ता आणायला बाजारात पिटाळलं. बाजार चालत सात-आठ मिनिटांवर. आम्ही घेऊन परत निघालो तोवर वारा पुन्हा सुटला. एक छत्री दोघांत, तीही उलटी झाली. भाऊ पुढे, मी दोन पावलं मागे छत्रीशी झटतोय, एवढ्यात वर काडकन आवाज झाला. झाड चांगलं धडधाकट होतं, महिन्यापूर्वी छाटलेलंही. पण तीन दिवसांच्या पाण्यानं फांदी जड झाली होती. मांडीएवढी फांदी भाऊंच्या पाठीवरून घसरत रस्त्यावर आडवी पडली आणि भाऊ पदपथाच्या लोखंडी कठड्यावर डाव्या कुशीनं आपटले. मला फक्त पानं लागली.

"भाऊ!"

"काही नाही," ते म्हणाले. कठड्याला धरून उभे राहिले. "नारळ बघ कुठे गेला ते."

नारळ गटाराच्या काठाशी अडकला होता. मी तो आणला. भाऊ उभे होते, कुठे रक्त नव्हतं, काही मोडलेलं दिसत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला आणि जीव भांड्यात पडल्यावर माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं.

"काय भाऊ, कुठली चिठ्ठी? लाल?"

"हिरवी," ते म्हणाले. "हिरवीच. चल."

मी मोठ्यानं हसलो. हे लिहायला नको वाटतं, पण हसलो. इतक्या वर्षांत या माणसानं पहिल्यांदा हिरवी मागितली होती आणि मला ती गंमत वाटली. आता हे ताईंना कसं रंगवून सांगायचं याची मी वाटेत तालीम करत होतो. भाऊ कठड्याला धरत धरत चालत होते. सात मिनिटांच्या वाटेला आम्हाला वीस मिनिटं लागली. मधे एकदा ते म्हणाले, "लागलं बरगडीला आणि दुखतोय डावा खांदा, बघ गंमत." मी म्हटलं, "भाऊ, हे नवीन आहे, पुढच्या वर्षी घ्या." त्यांनी कठड्याचा पुढचा गज धरला.

ब्लॉकखाली आल्यावर ते म्हणाले, "जरा बसू." तिथल्या दगडी स्टुलावर बसले. मी बोलत होतो. ते ऐकत होते असं मला वाटलं.

तेवढ्यात फांदी रस्त्यावर पडल्याची वर्दी लागून बंब आला. तो ब्लॉकच्या टोकाशी थांबला. दोघं करवत घेऊन फांदीकडे गेले आणि एक जवान आसपास कुणाला लागलंय का ते बघत आमच्याकडे आली. ती मेई होती. भाऊंना बघून तिनं लांबूनच नेहमीची आरोळी ठोकली, "अंकल! घाबरू नका! टुडे नो एक्सरसाइज लाह!"

भाऊंनी तिच्याकडे बघून थोडं हसल्यासारखं केलं. बस, तेवढंच.

मेईचं हसू जागच्या जागी थांबलं. ती त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, मनगट धरलं, चेहऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता मला विचारलं, "हाऊ लाँग अंकल क्वायट लाइक धिस?"

मी म्हटलं, "ट्वेंटी मिनिट्स. बट ही सेज इट्स नथिंग."

"अंकल नेव्हर क्वायट लाह," ती म्हणाली आणि खांद्यावरच्या वायरलेसवर भराभर बोलायला लागली.

तेव्हा मी पहिल्यांदा भाऊंकडे नीट बघितलं. ओठ पांढरे पडले होते. कपाळावर पावसाचं पाणी आहे असं मला वाटत होतं. ते पाणी नव्हतं, घाम होता. हात मांडीवर शहाण्या मुलासारखे ठेवले होते. मला तो चेहरा ओळखीचाच वाटेना. आठ-नऊ वर्षं मी त्यांच्या तोंडावर यातनांचे सगळे प्रकार बघितले होते आणि त्यांत हा कुठेच नव्हता.

नेहमीच्या रस्त्यावर पाणी होतं. पण ते रुग्णवाहिकेला आधीच कळलेलं होतं. ती दुसऱ्या बाजूनं, शाळेमागच्या रस्त्यानं आली आणि इतक्या लवकर आली की मी ताईंना फोन करून धड वाक्य पूर्ण करायच्या आत स्ट्रेचर खाली उतरलं होतं. पॅरामेडिकनं कात्री काढली आणि शर्ट खालपासून वरपर्यंत कापला. तेव्हा भाऊ बोलले. अगदी हलक्या आवाजात, माफी मागितल्यासारखे. "सॉरी हं. हा चांगल्यातला आहे."

त्यांची प्लीहा, डाव्या बरगड्यांखालचा अवयव, फाटली होती; खांद्याचं दुखणंही तिचंच होतं. पोटात रक्त साचत होतं, बाहेर एक थेंब नाही. डॉक्टरांनी ती काढली आणि नंतर आम्हाला शांतपणे सांगितलं की अजून तासभर ते तसेच बसून राहिले असते तर करण्यासारखं फार उरलं नसतं. तासभर! मी तर त्यांना वर नेऊन, चहा पाजून, किस्सा रंगवून सांगणार होतो. त्यात तास सहज गेला असता.

ऑपरेशन चालू असताना ताई आणि माझी बायको बाहेर बाकावर बसल्या होत्या. ताईंच्या हातात अजून ओला नारळ होता. मी तो त्यांच्याकडे कधी दिला मला आठवत नाही. त्यांनी मला एकच विचारलं. "ओरडले का रे?"

"नाही ताई. अजिबात नाही."

"मग लागलंय," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

भाऊ बरे झाले. सावकाश झाले. शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थ रात्रंदिवस कण्हत. भाऊंनी त्यांच्या कण्हण्याबद्दल चकार शब्द काढला नाही, यावरून आम्हाला काळजी वाटायची ती वाटलीच. घरी आल्यावर ऑगस्ट आला, गेला. रियाज नाही. वादळाच्या शर्टांचा कप्पा ताईंनी रिकामा केला आणि तिथे चादरी ठेवल्या. ऑक्टोबरात फरीदा मॅडमचा फोन आला. भाऊंनी "नो मॅडम, आय ॲम रिटायर्ड" म्हणून सांगितलं. मग चार दिवसांनी भाऊंनीच मॅडमना फोन केला. म्हणाले, "मॅडम, ऑल दीज इयर्स आय टॉट देम राँग. गिव्ह मी वन मोअर चान्स."

कवायतीच्या रविवारी मी आणि ताई बघ्यांच्या दोरीच्या अलीकडे उभे होतो. भाऊंनी नवा, इस्त्रीचा शर्ट घातला होता. डाग नाही, बिटाचा रस नाही. एका खांबाला टेकून ते बसले, हात मांडीवर, नजर समोर. त्या वर्षी जखमींमध्ये दोन नव्या दमाच्या बायका होत्या. शिट्टी झाल्याबरोबर त्यांनी असा काही टाहो फोडला की भाऊंच्या जुन्या काळची आठवण यावी. पिवळी जाकिटं त्यांच्याकडे धावली. कुणी पाय धरला, कुणी पाणी आणलं. मुरगळलेल्या पायाला चौघं, खरचटलेल्या कोपराला तिघं. भाऊंच्या शेजारून दोनदा स्ट्रेचर गेलं. एकानं जाता जाता विचारलं, "अंकल, ओके?" भाऊंनी मान हलवली. तो पुढे गेला. फरीदा मॅडम हातात घड्याळ धरून उभ्या होत्या. त्यांनी शिट्टी वाजवली नाही. मला ते बघवेना. एरवी मी भाऊ मेलेले असताना शेवया खाल्ल्या आहेत. त्या दिवशी मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, त्या माणसाकडे बघा. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

बऱ्याच वेळानं एक चष्मेवाली बाई, शाळेत शिकवणारी असावी, पट्ट्यांची पिशवी घेऊन परत चालली होती ती थबकली. मागे वळून आली. खाली बसली. "अंकल, टॉक टू मी," ती म्हणाली. भाऊ बोलले नाहीत. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि मग मान वर करून जी हाक मारली त्यानं सगळा व्हॉइड डेक गप्प झाला. "हिअर! फर्स्ट धिस वन!"

कवायत संपल्यावर फरीदा मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं आणि भाऊंना मध्ये उभं केलं. भाऊंनी आपल्या खास इंग्रजीत सांगितलं की जो ओरडतो आहे त्याच्याकडे ओरडण्याइतका तरी श्वास आहे. आधी जो ओरडत नाही त्याच्याकडे जा. एवढंच बोलले. जेमतेम अर्धं मिनिट. नंतर टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. भाऊंनी वाकून अभिवादन केलं. टाळ्या थांबत आल्या तसे ते उगाचच दुसऱ्यांदा वाकले, तेव्हा माझा जीव खरा हलका झाला.

गेल्या मार्चमध्ये भाऊ निवृत्त होऊन ताईंबरोबर कायमचे सांगलीला गेले. जायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे खोकी बांधायला गेलो होतो. ताई समोरच्या आंटींचा निरोप घ्यायला गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच, मधे चिकटपट्टीचे रोल आणि भांड्यांचा ढीग. सव्वा वर्ष मनात होतं ते मी बोललो.

"भाऊ, त्या दिवशी मी हसलो."

"कुठल्या दिवशी?"

"फांदी पडली तेव्हा. तुम्हाला चालवत आणलं मी. वर थट्टा करत."

भाऊंनी पट्टी ओढली, दातानं तोडली, खोक्यावर नीट दाबून बसवली. "अरे, तू हसलास म्हणून तर मला चालता आलं," ते म्हणाले. "म्हटलं, हा हसतोय म्हणजे एवढं काही झालेलं नसणार. तू घाबरला असतास तर मी तिथेच बसलो असतो पावसात. मग कोण बघणार होतं?" आणि लगेच, "ते कढईचं खोकं इकडे सरकव."

मी खोकं सरकवलं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते पट्टीचं टोक शोधत होते. हे त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की मला बरं वाटावं म्हणून ते बोलले, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही सांगता येणार नाही. बोलले मात्र इतकं सहज, की त्यांना सतरंज्या घालायला लावणाऱ्या मंडळातल्या एखाद्यानं तरी ते ऐकायला हवं होतं.